थंडीआधी एकदा बेसमेंटात उतर

सई,

घराचे फोटो पाहिले गं. देवघराचा कोपरा झकास निघालाय. स्वयंपाकघराच्या खिडकीतून झाड दिसतं, तिथे तू सकाळचा चहा घेऊन उभी राहणार हे मला आत्ताच दिसतंय. पण एवढ्या फोटोंत बेसमेंटातल्या त्या राखाडी पत्र्याच्या कपाटाचा, म्हणजे फर्नेसचा, पत्ताच नाही. म्हणून लिहायला बसले. फोनवर बोलायला गेलं की तू डोहाळ्यांचं सांगत बसतेस, मी ऐकत बसते आणि हे राहूनच जातं.

आजवर तुम्ही अपार्टमेंटात राहिलात. हीट बंद पडली की लीजिंग ऑफिसला फोन, की माणूस हजर. आता नेपरव्हिलच्या या घरात ते ऑफिस म्हणजे तू. हो, तूच. आमचे जावईबापू सोमवारी पहाटे विमानात बसतात ते गुरुवारी रात्री उगवतात, आणि फर्नेस बंद पडायची असली की नेमकी मंगळवारी रात्री पडते. आपल्या बायकांची एक वाटणी ठरलेली असते: वरचे दोन मजले आपले, बेसमेंट नवऱ्याचं. ती वाटणी आधी मोडून टाक. कुकरचा व्हॉल्व्ह बदलणारी तू, मिक्सरचं अडकलेलं भांडं सोडवणारी तू, गॅसच्या बर्नरची भोकं सुईने मोकळी करणारी तू. या यंत्राशी ओळख करून घेणं त्याहून अवघड नाही.

आणि हे अंगावर काढण्यासारखं नाही. ३० जानेवारी २०१९ च्या सकाळी तुमच्याजवळच्या ओ'हेअर विमानतळावर पारा उणे २३ फॅरनहाइटवर होता, सेल्सिअसमध्ये उणे ३० च्याही खाली. त्याच दिवशी मिशिगनमध्ये गॅसच्या एका कॉम्प्रेसर स्टेशनला आग लागली आणि लोकांच्या फोनवर निरोप आले, थर्मोस्टॅट ६५ वर आणा, गॅसची बचत करा. असा दिवस दरवर्षी उगवत नाही. पण साध्यासुध्या जानेवारीतही इथे रात्रीचा पारा गोठणबिंदूच्या खालीच असतो, आणि तुझी तारीख जानेवारीतली.

म्हणून दसऱ्याच्या आत फर्नेसची तपासणी उरकायची. खंडेनवमीला गाडीला हार घालतेस, लॅपटॉपला हळदकुंकू लावतेस, तसं यंदा एक फूल खाली फर्नेसलाही वाहा. पहिली कडाक्याची रात्र पडली की सगळ्या गावच्या फर्नेसा एकदमच आजारी पडतात. मग टेक्निशियनची वेळ मिळता मिळत नाही, आणि रात्रीचे, रविवारचे दर वेगळे. तहान लागल्यावर विहीर खणायची नाही.

खाली उतरलीस की आधी आजूबाजूची अडगळ बघ. गणपती नुकतेच गेलेत. थर्मोकोलचं मखर, कागदी फुलं, दिव्यांच्या माळा कुठे ठेवल्या असतील ते मी इथे बसून सांगते: फर्नेसच्या बाजूला, कारण तिथे जागा मोकळी होती. ती मोकळीच असायला हवी. शेजारी उभा असलेला वॉटर हीटर, त्याच्याही पोटात ज्योत आहे. दोघांच्या भोवती तीन फूट काही नको. रंगाचे डबे, थिनर, लॉनमोव्हरचं पेट्रोल, हे तर त्या खोलीतच नको. सुटकेसांचा डोंगर समोरच्या भिंतीला जाऊ दे. ही उचलाउचल मात्र तू करायची नाहीस, शनिवारी जावईबापूंना करू दे. तू स्टुलावर बसून हुकूम सोड.

मग एखाद्या गार दिवशी थर्मोस्टॅट 'हीट'वर टाक, आकडा घरातल्या तापमानाच्या चार-पाच अंश वर ने आणि फर्नेससमोर बसून तिचं एकदा नीट ऐक. आधी बारीक घरघर सुरू होते. तो छोटा पंखा, ज्वलनाचा धूर बाहेर ढकलणारा. हवा खरोखर बाहेर जातेय अशी प्रेशर स्विचची खात्री पटली की इग्नायटर तापायला लागतो. दारावर काचेची छोटी खिडकी असेल तर तिला डोळा लाव, आत नारिंगी उजेड दिसेल. काही सेकंदांनी गॅसचा व्हॉल्व्ह टक् करून उघडतो आणि भुस्सकन एकेक बर्नर ओळीने पेटतो. ज्योत निळी हवी. मधेच एखादी नारिंगी ठिणगी चमकली तर ती धूळ, तिचं काही नाही. पण ज्योत पिवळी आणि लवलवती दिसली तर फर्नेस बंद कर आणि माणूस बोलाव.

बर्नरच्या तोंडाशी एक पातळ सळी असते, फ्लेम सेन्सर. ज्योत आहे की नाही याची ती राखण करते, आणि नाही वाटलं की काही सेकंदांत गॅस तोडते. या सळीवर पांढुरका थर बसला की तिला ज्योत जाणवत नाही. फर्नेस पेटते, विझते, पुन्हा पेटते, पुन्हा विझते आणि शेवटी रुसून बसते. मोसमाच्या सुरुवातीला फर्नेस रुसण्याचं हे अगदी नेहमीचं कारण. टेक्निशियन ती सळी काढतो, बारीक घासणीने हलकेच पुसतो, परत बसवतो, झालं. सगळं नीट असेल तर ज्योत लागल्यावर अर्ध्या-एक मिनिटाने मोठा ब्लोअर फिरतो आणि वर व्हेंटांतून ऊब येते.

पहिल्या दिवशी जळका वास येणार. उन्हाळाभर आत बसलेली धूळ ती. खिडकी किलकिली कर, एखादवेळी स्मोक अलार्म बोंबलेल, घाबरू नको. अर्ध्या तासात वास गेला पाहिजे. तो टिकून राहिला किंवा वायर जळल्यासारखा आला तर बंद कर. आणि सडक्या अंड्यासारखा वास आला तर तो गॅस. साताऱ्याच्या घरी सिलिंडरचा रेग्युलेटर नीट बसला नाही की यायचा ना, त्याच जातीचा. गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन मुद्दाम मिसळतात, तिथेही आणि इथेही. असा वास आला तर दिवा लावू नको, लागलेला घालवूही नको, घरात उभी राहून फोनही करू नको. पायांत काय आहे ते न बघता बाहेर पड, लांब जा आणि तिथून गॅस कंपनीला नाहीतर ९११ ला फोन कर.

आता फर्नेस सुरूच झाली नाही तर? माणसाला बोलावण्याआधी थर्मोस्टॅटची बॅटरी बदलून बघ. पडद्यावर आकडे पुसट झाले असतील तर तेच कारण. मग फर्नेसच्या अंगावर किंवा बाजूच्या खांबावर एक स्विच असतो, दिसायला अगदी दिव्याच्या बटणासारखा. बेसमेंटचा दिवा समजून कुणीतरी तो बंद करून वर जातं आणि अख्खं घर गारठतं. त्यावर चिकटपट्टी लावून मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेव, तुझ्या बाळंतपणाला मावशी येणार आहे ना. तिसरं म्हणजे फर्नेसचं पत्र्याचं दार. ते खाचेत पक्कं बसलं नाही तर आतला सुरक्षेचा स्विच दाबला जात नाही आणि यंत्र ढिम्म राहतं. एवढं करूनही जागची हलली नाही तर आतला बारीक दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोज. त्या लुकलुकण्याचा अर्थ सांगणारा तक्ता दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो. टेक्निशियनला फोनवर तो आकडा सांगितलास की तो तुला नवखी समजत नाही, याची गंमत अनुभवून बघ.

फिल्टरचं मात्र मी पाल्हाळ लावणार आहे, कारण निम्मी दुखणी तिथूनच सुरू होतात. ब्लोअर घरातली हवा रिटर्नच्या जाळ्यांतून ओढतो, फिल्टरमधून गाळतो, तापवतो आणि परत खोल्यांत पाठवतो. फिल्टर तुंबला की आत हवा कमी जाते, हीट एक्स्चेंजर नको इतका तापतो, मग लिमिट स्विच बर्नर बंद करतो. थोड्या वेळाने पुन्हा सुरू, पुन्हा बंद. घर तापत नाही, बिल मात्र तापतं. वर्षानुवर्षं असंच चाललं तर एक्स्चेंजरला तडा जातो, आणि मग खर्च हजारांत. सगळं कशापायी, तर एका पुठ्ठ्याच्या चौकटीपायी.

माप त्या चौकटीवरच छापलेलं असतं, १६ बाय २५ बाय १ किंवा २० बाय २५ बाय १, असं काहीतरी. त्यावर एक बाणही असतो. हवा ज्या दिशेने वाहते तिकडे, म्हणजे फर्नेसकडे, बाणाचं टोक. उलटा बसवलेला फिल्टर मी चांगल्या शिकल्यासवरलेल्या घरांत पाहिलाय. बदलताना फर्नेस बंद ठेव.

एक इंची फिल्टरच्या पाकिटावर बहुतेक 'तीन महिने' लिहिलेलं असतं. ज्या घराचा हिशेब धरून ते लिहितात त्या घरात सकाळ-संध्याकाळ फोडणी पडत नसते. तुझ्या शेगडीच्या वर मायक्रोवेव्ह दिसला मला. त्याचा पंखा हवा घराबाहेर टाकतो की वरच्या फटीतून परत तुझ्याच तोंडावर, ते बघ. अशा मायक्रोवेव्हांचे पंखे पुष्कळदा खोलीतच हवा फिरवतात. मग मोहरी-मिरचीचा ठसका, तळणाची वाफ, वर उदबत्ती आणि धूप, सगळं रिटर्नमधून फिल्टरवर जाऊन बसतं आणि त्याचा चिकट काळा लेप होतो. म्हणून थंडीत महिन्यातून एकदा फिल्टर काढून दिव्यापुढे धर. उजेड आरपार येईना की बदल. दिवाळीच्या चकल्या-अनारशांचं तळण उरकलं की न बघताच बदल.

दुकानात मर्व्हचे आकडे दिसतील. मोठा आकडा म्हणजे जास्त बारीक धूळ पकडणारा, हे खरं. पण एक इंचाच्या जाडीत तो हवाही अडवतो, आणि जुन्या ब्लोअरची दमछाक होते. ८ ते ११ पुष्कळ झाला. बाळासाठी याहून बारीक हवा असं वाटलं तर तुझ्या फर्नेसला तो झेपेल का हे टेक्निशियनला विचारून घे. चार-पाच इंच जाडीचा फिल्टर बसवलेला असेल तर तू नशीबवान, तो सहा महिने ते वर्ष टिकतो.

हवेच्या वाटा मोकळ्या आहेत ना, तेही बघ. रिटर्नच्या जाळीला सोफा चिकटवलेला नको, जमिनीतल्या व्हेंटवर सतरंजी नको. व्हेंटच्या जाळ्या उचलून आत व्हॅक्यूमची नळी फिरव. आमच्याकडे कॅरमच्या सोंगट्या निघतात, तुझ्याकडे आधीच्या मालकांच्या पोरांचं काय निघेल देव जाणे. रिकाम्या खोल्यांचे व्हेंट घट्ट बंद करून पैसे वाचतात असं कुणी सांगेल, त्याच्या नादी लागू नको. हवा जायला जागा उरली नाही की पुन्हा ब्लोअरवरच दाब.

आता बाहेर चल, घराला एक फेरी मार. बाजूच्या भिंतीतून पांढऱ्या पीव्हीसीच्या नळ्या बाहेर आल्यात का? असल्या तर तुझी फर्नेस नव्या जातीची, गॅसमधली नव्वद टक्क्यांहून जास्त ऊब घरात उतरवणारी. जुन्या जातीची ऐंशी टक्क्यांच्या आसपास असते आणि तिचा धूर पत्र्याच्या नळकांड्यातून छपरावर जातो. नव्या जातीत धुरातली ऊब इतकी पिळून घेतात की त्यातल्या वाफेचं पाणी होतं. ते पाणी एका बारीक नळीने जमिनीतल्या मोरीत जातं, आणि निवलेला धूर साध्या प्लास्टिकच्या नळीतून बाहेर टाकता येतो. त्या पाण्याची नळी तुंबली तरी फर्नेस बंद पडते. सर्व्हिसिंगला आलेल्या माणसाला तेवढं बघायला सांग.

बाहेरच्या त्या नळ्यांपैकी एक धूर सोडते, दुसरी, असली तर, ज्वलनासाठी ताजी हवा ओढते. त्यांच्यापुढे झुडूप वाढू द्यायचं नाही, तोंडाशी पानं किंवा गांधीलमाशीचं घर नाही ना ते बघायचं. आणि हे जावईबापूंना निक्षून सांग: हिमवादळ झालं की फावडं घेऊन आधी या नळ्यांपाशी जायचं, ड्राइव्हवे नंतर. वाऱ्याने बर्फाचा ढीग भिंतीला लागतो आणि नळ्यांची तोंडं गाडली जातात. बहुतेक वेळा फर्नेस आपणहून बंद पडते. पण धूर कोंडून घरात यायची शक्यता असते, आणि ती पत्करायची नाही.

सर्व्हिसिंगला शंभर-दोनशे डॉलर जातील, जाऊ देत. एखादी कंपनी फारच स्वस्तात येते म्हणाली की मी सावध होते, कारण तो माणूस फर्नेस तपासायला कमी आणि विकायला जास्त येतो. आमच्याकडे असाच एक आला होता. दहा मिनिटांत बाहेर येऊन म्हणाला, हीट एक्स्चेंजरला तडा गेलाय, आजच नवी फर्नेस बुक करा, सवलत आजपुरतीच. मी म्हटलं, तडा दाखवा, कॅमेऱ्यातला फोटो द्या. फोटो काही निघेना. दुसऱ्या कंपनीच्या माणसाने आरसा आणि कॅमेरा घालून तपासलं, तडाबिडा काही नव्हता. यातून सगळेच लबाड असा अर्थ काढू नको. तडा खरोखर गेला असेल तर ती फर्नेस एक रात्रही चालवायची नाही. फोटो मागायचा, दुसऱ्याकडून खात्री करायची, आणि तोवर बंद ठेवायची. डक्ट साफ करून देतो म्हणणाऱ्यांचे फोनही येतील. अमेरिकेची पर्यावरण संस्था, ईपीए, म्हणते की डक्ट नेमाने साफ करायची गरज नाही. आत बुरशी दिसली, उंदीर-किडे झाले किंवा धुळीने वाट तुंबली, तरच.

आलेल्या माणसाच्या पाठीशी उभी राहा. ज्योत, सेन्सर, एक्स्चेंजर, पाण्याची नळी त्याने बघितली का, आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड मोजला का, हे विचार.

हा कार्बन मोनॉक्साइड काय करतो ते नीट वाच. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून जास्त ओढीने चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, गळून गेल्यासारखं होतं. आता सांग, या दिवसांत तुला डोकं दुखलं, मळमळलं, तर तू काय समजशील? म्हणून तुला वेगळं सांगतेय. पोटातल्या बाळाला हा वायू आईपेक्षाही जास्त बाधतो. घरात दोघांनाही एकदम तसंच होत असेल, बाहेर गेलं की बरं आणि घरात आलं की पुन्हा सुरू, तर डोहाळ्यांवर ढकलू नको. बाहेर पड आणि ९११ ला सांग.

इलिनॉयमध्ये झोपायच्या प्रत्येक खोलीपासून पंधरा फुटांच्या आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा, असा कायदाच आहे, २००७ पासून. तुझ्या घरात भिंतीवर एखादा असेलही. तो काढ आणि पाठीमागची तारीख वाच. हे अलार्म पाच ते दहा वर्षांत संपतात. बटण दाबल्यावर आवाज आला म्हणजे आतला सेन्सर जिवंत आहे असं नाही. संपला असेल तर नवा आण, तळमजल्यावर आणि बेसमेंटातही एकेक लाव. त्याचे आवाजही ओळखून ठेव: चार वेळा वाजून थांबला, पुन्हा चार, तर वायू, तीन-तीन वेळा वाजला तर धूर, अधूनमधून एकच चिवचिव केली तर बॅटरी किंवा आयुष्य संपलं. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. हवेत ७० पीपीएम वायू असला तर अलार्म वाजायला एक ते चार तास लागू शकतात, ४०० ला मात्र पाव तासाच्या आत वाजतो. म्हणजे अलार्म गप्प आहे म्हणून शंकेला जागा नाही, असं समजायचं नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं मागे जातात, त्या दिवशी बॅटऱ्या बदलायच्या. गॅरेज घराला लागून आहे तुझं. गाडी आत उभी करून इंजिन तापवत ठेवायची नाही, दार उघडं असलं तरी नाही.

आणि आता मावशी. ती डिसेंबरात येतेय, बॅगेत डिंकाचे लाडू, हळीव, बाळंतकाढा आणि पुरचुंडीत ओवा, बाळंतशोपा, वावडिंग घेऊन. ती तुला शेक-शेगडी देणार, बाळाला धुरी देणार. आपल्या दोघींच्या आयांनी तेच केलंय आणि ती मायेनेच करणार. पण साताऱ्याच्या घरात वर कौलं होती, मागचं दार दिवसभर सताड उघडं असायचं, न्हाणीघराच्या भिंतीत झरोका होता. इथलं घर ऊब राहावी म्हणून सगळीकडून बुजवलेलं असतं. निखारे बंद खोलीत ठेवले की तोच कार्बन मोनॉक्साइड, आणि खाटेच्या खाली शेगडी म्हणजे बाळंतीण आणि बाळ नेमकं त्याच्या वर. बंद न्हाणीघरात गॅस गिझरने माणसं गेल्याच्या बातम्या मावशीनेही वाचल्यात, तिला तो दाखला दे, पटेल. इथे बार्बेक्यूचा कोळसा कुठल्याही दुकानात मिळतो. तो कोळसा, ते बार्बेक्यू, कॅम्पिंगची शेगडी, काहीही घरात किंवा गॅरेजात पेटवायचं नाही. शेकाला गरम पाण्याची पिशवी घ्या, ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करा, ओव्याचा सुगंध तेवढ्यानेही घरभर होतो. धुरीचा हट्ट धरलाच तर तुझ्या बाळाच्या डॉक्टरांचं नाव पुढे कर. आयांना आपलं पटत नाही, डॉक्टरांचं पटतं.

तिला थंडी वाजणार आणि थर्मोस्टॅटवरून तुमच्यात रोज धुसफूस होणार, हेही आत्ताच सांगते. इथले लोक जागेपणी ६८ फॅरनहाइट, म्हणजे २० सेल्सिअस ठेवतात. मावशीला ते महाबळेश्वर वाटेल. ७०-७१ ठेव, तिला लोकरीचे मोजे आण, बाळाला मात्र गुंडाळून उकडू देऊ नका. आकडा ८० वर नेला तर घर लवकर तापतं, हा तिचा समज असणार. साधी फर्नेस तेवढ्याच वेगाने तापवते, फक्त थांबत नाही. एरवी तुम्ही दोघंच असाल आणि घर दिवसभर रिकामं, तेव्हा आठ तास सात ते दहा अंश खाली ठेवलंत तर वर्षाच्या बिलात दहा टक्क्यांपर्यंत वाचतात, असं इथल्या ऊर्जा खात्याचं म्हणणं आहे. बाळ आल्यावर ते विसर. प्लगवर लावायचा हीटर वापरलात तर तो थेट भिंतीत, एक्स्टेंशनवर नाही, आणि पडदे-दुपटी त्याच्यापासून तीन फूट लांब. ओव्हनचं दार उघडं ठेवून स्वयंपाकघर ऊबदार करायचं नाही.

तापवलेली हवा कोरडी असते. ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं, साडीला हात लावला की झटका बसतो. फर्नेसच्या बाजूला एखादी चौकोनी पेटी, तिला पाण्याची बारीक नळी, असं काही दिसलं तर तो ह्युमिडिफायर. त्यातला पॅड दरवर्षी बदल, पाण्याचा नळ सोड, आणि झडपेवर 'समर-विंटर' लिहिलेलं असतं ते विंटरवर ने. आर्द्रता तीस ते चाळीस टक्के चांगली. बाहेर पारा फार उतरला तर तीही कमी कर, नाहीतर खिडक्यांच्या काचांवर पाणी सुटून चौकटींना बुरशी धरते. जावईबापूंचा तबला आणि तुझी बाजाची पेटी बाहेरच्या भिंतीला किंवा व्हेंटच्या तोंडाशी ठेवू नका. कोरड्या हवेत लाकूड आकसतं आणि चिरा पडतात.

खिडक्या नुसत्या लोटू नका, कड्या लावा. कडी लावली की फट मिटते. दारांखालचं रबर झिजलं असेल तर बदला. एवढं पुरे.

पाण्याचं मात्र विसरू नको. अंगणातल्या नळाला लावलेला होस पाइप ऑक्टोबरातच काढायचा, आतून त्या नळाचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि बाहेरचा नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्यायचं. पाण्याचा बर्फ झाला की तो नऊ टक्के फुगतो, आणि बर्फ व बंद नळ यांच्यामधलं पाणी दाबलं जाऊन पाइप फोडतं. पारा फारच उतरेल त्या रात्री बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेव, तिथला नळ बारीक सोडून ठेव.

यंदा तुम्ही कुठे जाणार नाही, पण पुढच्या डिसेंबरात बाळाला घेऊन साताऱ्याला जालच. आपल्या मंडळींची एक खोड आहे: महिनाभर घर बंद, मग हीट कशाला, म्हणून थर्मोस्टॅट बंद करून जातात. आमच्या ओळखीच्या एका घरात असंच झालं. परत आले तर वरच्या बाथरूममधला पाइप फुटून पाणी बैठकीच्या छतातून खाली आलेलं, गालिचे कुजलेले, वर विम्याची कटकट, कारण हीट चालू ठेवली होती का हे विमावाले विचारतातच. जाताना मुख्य नळ बंद करायचा, थर्मोस्टॅट ५५ च्या खाली आणायचा नाही, आणि शेजारच्या कुणाकडे किल्ली देऊन दोन-चार दिवसांनी फेरी मारायला सांगायचं.

अलार्मचं मात्र दसऱ्यापर्यंत लांबवू नको. पाठीमागची तारीख आजच वाच, जुना निघाला तर उद्याच नवा आण. आणि फिल्टरचं माप मला रात्रीपर्यंत कळव. मी शनिवारी कॉस्टकोला जाणार आहे, तुझेही घेऊन ठेवते आणि डोहाळजेवणाला येताना आणते.

तुझी,
ताई